दोन पगारांचं लग्न



गेली नऊ वर्षं मी आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात टेबलावर बसतोय. फॉर्म वाटायचे, भरून घ्यायचे, पावती फाडायची, फोटो पिनेनं लावायचा. मागं बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी, पुढं खुर्च्यांच्या रांगा, रांगांत नव्या साडीतल्या मुली आणि इस्त्रीच्या शर्टातले बाप. माईकवर एकेकाचं नाव पुकारतात. मुलगा उभा राहतो, शिक्षण सांगतो. हॉल गप्प. मग नोकरी सांगतो. परमनंट म्हणाला की हॉलभर कागद कुरकुरतात, पेनं निघतात. कंत्राटी म्हणाला की लोक पाण्याच्या जारकडं बघायला लागतात.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना आहे : अपेक्षा. पूर्वी लोक त्यात चार-पाच ओळी लिहायचे. निर्व्यसनी, आईबापाला सांभाळणारा, चळवळीची आवड असणारा. होय, एके काळी असंही लिहायचे. आता एकच शब्द लिहितात : अनुरूप. एम.ए. बी.एड.ला एम.ए. बी.एड. अनुरूप. क्लास टूला क्लास टू अनुरूप. बँकेला बँक अनुरूप. आणि ज्याच्या शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी नापास' आहे त्याच्या फॉर्मवर कुणी खूणच करत नाही, तो फॉर्म संध्याकाळी गठ्ठ्यात तसाच कोरा परत येतो. तोही अनुरूपच म्हणायचा. त्याला तशीच कुणीतरी, वीटभट्टीवरची नाहीतर धुण्याभांड्याची.

ह्या 'अनुरूप' नावाच्या सभ्य शब्दाच्या पोटात काय शिजतंय ते आज मांडायचं आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या. मला आधी झोंबलंय.

हिशेब साधा आहे, पाटीवर होईल. समजा आपल्या एकाच गल्लीत चौघं लग्नाची आहेत. एक मुलगा परमनंट, पगार साठ हजार. एक मुलगी परमनंट, तिलाही साठ हजार. दुसरा मुलगा कंत्राटी, पंधरा हजार. दुसरी मुलगी चार घरची भांडी घासते, नऊ हजार. आता लावा लग्नं. साठवाल्या मुलाचं नऊवालीशी लावलं आणि साठवालीचं पंधरावाल्याशी, तर एका घरात एकोणसत्तर हजार, दुसऱ्या घरात पंच्याहत्तर हजार. दोन्ही घरांत गॅस येतो, दोन्ही घरांतली पोरं ट्यूशनला जातात. आता अनुरूप लावा. एका घरात एक लाख वीस हजार, दुसऱ्या घरात चोवीस हजार. पाच पट. गल्लीत पैसा तेवढाच आला, एक लाख चव्वेचाळीस हजार. कुणाचा पगार रुपयानं वाढला नाही की कुणाचा कापला नाही. फक्त हळद कुणाच्या जोडीनं कुणाला लागली तेवढं बदललं, आणि एक गल्ली दोन गल्ल्या झाली.

हे काही माझंच डोकं नाही. परदेशातल्या अर्थशास्त्र्यांनी ह्याच्यावर गठ्ठेच्या गठ्ठे लिहिलेत. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्र्यानं १९७३ मध्ये लग्नाचाच बाजार म्हणून सिद्धांत मांडला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या मध्यस्थांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना कुणी प्रोफेसर केलं नाही. मग २०१४ मध्ये ग्रीनवुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे घेऊन हिशेब केला. विषमता मोजायला गिनी नावाचं माप असतं. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, एक म्हणजे सगळं एकट्यानंच गिळलं. ते म्हणाले, २००५ च्या अमेरिकेत शिक्षण बघून नव्हे तर चिठ्ठ्या टाकून लग्नं लावली असती, तर हा आकडा ०.४३ वरून ०.३४ वर आला असता. म्हणजे फार मोठी घसरण. जगभर बोंबाबोंब झाली : श्रीमंत श्रीमंत का होतात, तर शिकलेले शिकलेल्यांशी लग्न करतात म्हणून!

थांबा. पुढची गोष्ट ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. पुढं त्याच लोकांना आपल्याच हिशेबात चूक सापडली. दुरुस्ती छापली तेव्हा फरक अगदी किरकोळ उरला. आणि २०१९ मध्ये आयका, मॉगस्टॅड आणि झफर ह्या तिघांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क आणि नॉर्वे अशा पाच देशांचे आकडे तपासले. त्यांचं म्हणणं असं, की सारख्या शिक्षणाची लग्नं घराघरांतल्या विषमतेत भर घालतात हे खरं, ती भर नजरेआड करण्याजोगी नाही. पण वर्षागणिक विषमता जी वाढत गेली ती लग्नांमुळं वाढलेली नाही. उलट खूप शिकलेल्यांत आपसातली लग्नं थोडी सैलच झाली आणि कमी शिकलेल्यांत घट्ट झाली. विषमता वाढली ती शिकलेल्याचा पगार आणि न शिकलेल्याचा पगार ह्यांच्यात दरी पडली म्हणून.

म्हणजे माझ्या पाटीवरचा हिशेब पुन्हा बघा. मी लग्नं फिरवून दाखवली. पण एकाला साठ आणि दुसऱ्याला पंधरा हे कुणी ठरवलं? ते नवरीनं ठरवलं नाही.

ते ठरवणारे मी रोज बघतो, कारण मी एका अनुदानित शाळेत मास्तर आहे. सातवा वेतन आयोग आला. २०१६ पासून केंद्रात तळाच्या माणसाचा मूळ पगार १८,००० आणि सगळ्यात वरच्या माणसाचा २,५०,००० झाला. पण तळाचा माणूस निदान त्या कागदावर होता. मग तळच कापायला घेतला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला, की अनुदानित शाळांत शिपायाचं पद रिकामं झालं की पुन्हा भरायचं नाही, शाळेला ठोक भत्ता द्यायचा. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. पाच हजार! आमच्या शाळेत जो शिपाई होता तो आपलाच माणूस. निवृत्त होताना त्याला पेन्शन होती, एक पोरगा इंजिनियर होता. त्याच्या जागी आता जो येईल त्याचं लग्न कुणाशी होईल ते सांगायला ज्योतिषी नको. नगरपालिकेच्या झाडूची तीच गत. आपल्या बापजाद्यांनी घाणीत हात घातले, पण पुढंपुढं त्या हाताला मस्टरवर सही करायला मिळत होती. आता ठेकेदार. सही ठेकेदाराची, घाण आपली.

तर आपल्याकडं 'सारखं शिक्षण' हे नुसतं नाव आहे. खरं लग्न परमनंटचं परमनंटशी लागतं. शासनालाही ते मान्य आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा वेगळा संवर्गच आहे. त्यात वाईट काही नाही, नवरा किनवटला आणि बायको पैठणला असे संसार मी पाहिलेत. पण ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचं एकत्रीकरण कोयत्यावरच होतं. तिथं दोघांना मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, एक कोयता, एक उचल. हा हिशेब शिकलेल्यांनी शिकवलेला नाही.

आता कुणी म्हणेल, मग लग्नाचं कशाला उगाळता? वेतनावर बोला, ठेकेदारीवर बोला, मोर्चा काढा. बोलतोच आहोत. पण लग्नात पगाराशिवाय आणखी एक गोष्ट ठरते आणि ती ह्या गोऱ्या पंडितांच्या गिनीत मावत नाही. ती म्हणजे सोयरिक.

माझा बाप मिलिंद कॉलेजात शिकला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत ते कॉलेज उभं केलं नसतं तर माझा बाप गावकीची लाकडं फोडत मेला असता. बापाचं लग्न कॉलेजच्या आधीच झालं होतं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं. आई अंगठेबहाद्दर. रोजानं खुरपायला जायची. बाप पाटबंधारे खात्यात कारकून झाला आणि तिला शहरात घेऊन आला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांनी नेलं नाही. त्या पहिल्या पिढीतले किती साहेब झाले आणि त्यांच्या गावाकडच्या बायका अचानक 'आजारी' पडल्या, ते आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. साहेबाच्या बंगल्यात दुसरी आली, मॅट्रिक झालेली, पातळ नेसणारी. पहिली माहेरी कुडात पडून राहिली. तिच्यावर कुणी कविता केली नाही. आपल्या विद्रोही कवींनीही फारशी नाही.

तर आमच्या घरात एक पगार आणि एक अंगठा. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आईचे भाऊ खडी फोडायच्या कामावर होते. त्यांची पोरं आमच्याकडं आली. मावशीचा एक पोरगा आला. दोन खोल्या, नऊ माणसं. बाप कुरकुरायचा, तारखेला पगार संपलेला असायचा. पण आई म्हणायची, माझ्या भावाची लेकरं हायेत, रस्त्यावर टाकू का? त्या नऊ जणांतले चार जण पुढं नोकरीला लागले. कुणी काही दान केलं नव्हतं हो. नातंच तसं होतं. आईच्या माहेरच्या गरिबीचा बापाच्या पगारावर हक्क होता. लग्नानं तो हक्क तयार केला होता. बापाचा पगार एका घरात आला आणि चार घरांत गेला.

आता माझं सांगतो. माझी बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका. तिचा बाप अधिकारी होता, भाऊ इंजिनियर. लग्नात दोन्ही बाजूंनी सगळे बुटातले. आम्हाला दोन पगार, एक फ्लॅट, एक प्लॉट, एक गाडी. माझ्या पोरांचा मामा इंजिनियर, काका साहेब, मावशी डॉक्टर. खडी फोडणारं नातंच उरलं नाही. आईच्या भावाची नातवंडं आहेत, चितेगावच्या कारखान्यांत कंत्राटी आहेत, पण ती आता 'लांबची'. वर्षातून एकदा चौदा एप्रिलला भेटतात. जयभीम होतो. बस. त्यांचा माझ्या पगारावर हक्क नाही आणि माझ्या पोरांना कुडाच्या घरातलं अंधारलेलं चुलाण माहीत नाही. मी पोरांना बलुतं, तराळकी सगळं समजावून सांगतो. ती इतिहासाच्या तासासारखं ऐकतात.

दोन पगारांच्या लग्नानं हे केलं. एक लाख वीस हजाराचा आकडा सोडा. माझ्या घराला गरिबीकडं उघडणारी जी एक खिडकी होती ती चिणून टाकली, आणि ती चिणताना आम्ही बँडवर 'भीमराज की बेटी' वाजवत होतो.

ह्यावर सदाशिवपेठी संपादक खूश होतील. बघा, म्हणतील, ह्यांचेच लोक सांगतायत की ह्यांच्यात एक मलई खाणारा थर झालाय, काढा त्यांचं आरक्षण. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं उपवर्गीकरणाचा निकाल दिला तेव्हा चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर लावण्याच्या बाजूनं लिहिलं, आणि तेव्हापासून ह्यांना आपल्या गरिबांचा भलताच कळवळा आलाय. त्यांना एकच विचारायचंय. तुमच्या घरात तीन पिढ्या पदवीधराचं लग्न पदवीधराशी होतंय, वर आजोबांचा वाडा, कोकणातली बाग, मुंबईतली जागा हुंड्यात आणि वारसात फिरतेय, तेव्हा तुम्ही त्याला मलई म्हणालात का? नाही. तुम्ही त्याला संस्कार म्हणालात. आमच्या दोन पगारांची चर्चा आम्ही करू. तो आमच्या घरातला तंटा आहे आणि तो आम्ही रस्त्यावर, आमच्या अंकात, आमच्या तोंडानं भांडू. तुम्ही मधे येऊ नका.

शिवाय अनुरूपाचा हा शोध काही आपण लावलेला नाही. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी निबंध वाचला आणि जातीच्या मुळावर बोट ठेवलं : बेटीबंदी. जात टिकते ती आपल्याच कुंपणात लग्न लावून. १९३६ मध्ये लाहोरच्या भाषणासाठी 'जातिनिर्मूलन' लिहिलं, ते भाषण तर त्यांना करू दिलं नाही, पण त्यातही उपाय तोच : रक्त मिसळलं पाहिजे. आज काय आहे? २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय लग्नं शंभरात पाचाच्या आसपास निघाली. पाच! आणि आणखी एक ऐका. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या साथीदारांनी कलकत्त्याच्या बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती आणि त्यांना आलेली पत्रं तपासली, २०१३ मध्ये छापलं. काय निघालं? लोक परजातीतल्या एम.ए.पेक्षा स्वजातीतला अजिबात न शिकलेला पत्करतील, इतकी जातीची ओढ. म्हणजे आधी जातीची भिंत, आणि भिंतीच्या आत शिक्षणाची शिडी. भिंतीच्या आत जातीसाठी फार काही सोडावंही लागत नाही, कारण प्रत्येक भिंतीच्या आत आता डॉक्टर, इंजिनियर, मास्तर आहेत. म्हणून शिक्षण वाढलं, पगार वाढले तरी भिंत पडत नाही. बाजार आला की जात जाईल म्हणणाऱ्यांनी हे तोंडपाठ करावं.

आपणही ह्याच भिंतीत राहतो आणि आपण आत आणखी भिंती घातल्यात. महाराष्ट्रात अनुसूचित जाती एकोणसाठ. आमच्या मेळाव्याच्या फॉर्मवर जातीचा रकाना नाही, आम्ही ते अभिमानानं सांगतो. कशाला हवा? मेळावाच एका जातीचा आहे.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

माझी एक पुतणी आहे. एम.एस्सी. बी.एड. तासिका तत्त्वावर एका ज्युनियर कॉलेजात शिकवते, म्हणजे तास होईल तितकेच पैसे, सुट्टीत शून्य. तिनं तीन वर्षांपूर्वी घरात सांगितलं, एक मुलगा आहे. आय.टी.आय. झालेला, वायरमन. स्वतःचं काम करतो. निर्व्यसनी. आमच्याच वस्तीच्या पलीकडच्या बोळातला. आणि मातंग.

घरात बैठक बसली. थोरला भाऊ कमी शिकलेला, तो म्हणाला, तूच काय ते समजावून सांग. मी समजावून सांगितलं. मास्तर आहे, समजावून सांगणं माझा धंदा आहे. म्हणालो, बाई, जातीचा प्रश्नच नाही, आपण जात मानत नाही. प्रश्न शिक्षणाचा आहे. तुझं त्याचं जमणार नाही. तू पुस्तकं वाचणार, तो खांबावर चढणार. विचार जुळायला शिक्षण जुळावं लागतं. बाबासाहेबांनी १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत काय सांगितलं होतं? लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्यानं उभ्या राहा. बरोबरी पाहिजे. बरोबरी कुठाय इथं?

पोरगी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "काका, तो तहसीलदार असता तर?"

मी म्हणालो, "असता तर बघितलं असतं."

"आणि बौद्ध वायरमन असता तर?"

मी काही बोललो नाही. ती उठून गेली. लग्न मोडलं. मी मोडलं, भावानं नाही.

मी अजून त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. वायरमन म्हणून नको होता, की मातंग म्हणून? शिक्षणाच्या नावाखाली मी जात झाकली, की जातीच्या आडून वर्ग राखला? खरं सांगू का, दोन्ही इतकी एकात एक विणलेली होती की माझा मला धागा वेगळा काढता आला नाही. 'आंतरजातीय चालेल' असं आपल्या बऱ्याच बायोडाट्यांवर असतं. नीट बघा, ते कुणाच्या बायोडाट्यावर असतं आणि कुणासाठी असतं. ते वरच्या पॅकेजसाठी असतं. आपल्या पोराला बामणाची सून चालते, मराठ्याची चालते, बंगाली चालते, कंपनीत जुळलेली कुठलीही चालते. पलीकडच्या बोळातली मांगाची, कोरकूची, वडाराची चालत नाही. सरकारची योजना बघा, दलित-सवर्ण विवाहाला महाराष्ट्र सरकार ५०,००० रुपये देतं. मांग-महार लग्नाला देत नाही. सरकारलाही वाटतं की तिथं भिंतच नाही.

आणि मी वापरलेली बाबासाहेबांची साक्ष! मला त्याच बाबासाहेबांचं १९५६ च्या मार्चमधलं आग्र्याचं भाषण आठवायला हवं होतं, ज्यात ते शिकलेल्यांनीच मला दगा दिला म्हणून रडले. ते मी मेळाव्यात दरवर्षी वाचून दाखवतो. घरात वाचलं नाही.

बरोबरीचं म्हणाल तर जोतिबांनी लग्न केलं तेव्हा सावित्रीबाईंना अक्षर येत नव्हतं. बाबासाहेबांचं लग्न भायखळ्याच्या बाजारात रात्री लागलं तेव्हा रमाईला अक्षर येत नव्हतं. अनुरूप कुठं होतं? पण हा दाखला मी एका कार्यक्रमात दिला तेव्हा एक कार्यकर्ती उठली आणि तिनं माझे दात घशात घातले. म्हणाली, "सर, तुमच्या सगळ्या दाखल्यांत शिकलेला पुरुष आणि अडाणी बाई. बाप्या शिकवणार, बाई शिकणार. शिकलेल्या बाईनं अडाणी पुरुष केला तर तो शिकतो का? तो मारतो. त्याला तिचा पगार पाहिजे असतो आणि तिचं शहाणपण नको असतं. समाजात समता यावी म्हणून पुन्हा आम्हीच खाली उतरायचं का? आता कुठं वर आलोय."

तिचं खरं आहे. मी पळवाट शोधणार नाही. दोन समतांची इथं टक्कर आहे. नवराबायकोतली बरोबरी हवी असेल तर शिक्षण सारखं असलेलं बरं. घराघरांतली बरोबरी हवी असेल तर शिक्षण मिसळलेलं बरं. दोन्ही समता आपल्याच. आणि कुणा मुलीला चळवळीच्या वतीनं हुकूम सोडायचा अधिकार माझ्यासारख्या दोन पगारवाल्याला तर मुळीच नाही. एवढं मात्र नोंदवतो की मुली तशाही ही वाट चालायला लागल्यात. आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या नवऱ्याशी लग्न करणाऱ्या मुली ह्या देशात गेल्या काही दशकांत वाढत गेल्यात, हे पाहणीतून दिसलंय. कारण मुली भराभर शिकल्या. पण त्याला समता म्हणायची घाई नको. त्यातल्या कितीतरी जणींना शिकूनही पगार नाही. आपल्या आज्या निरक्षर होत्या आणि कमावत होत्या. आपल्या लेकी ग्रॅज्युएट आहेत आणि घरी बसल्यात, कारण शेतात जायची लाज वाटते आणि ऑफिसात घेत नाहीत. नवऱ्याला चार पैसे आले की पहिलं बायकोचं काम बंद करतो आणि त्याला इज्जत म्हणतो. तेव्हा आपल्याकडं दोन डिग्र्यांचं लग्न म्हणजे दोन पगारांचं लग्न असं नेहमी नसतं. दोन पगार वरच्या मूठभरांना. म्हणूनच ते इतके उठून दिसतात.

मग मी काय म्हणतोय? लग्न मोडीत काढा असं म्हणत नाही. चिठ्ठ्या टाकून लग्नं लावा असंही नाही, ते गोऱ्यांच्या कागदावरच शोभतं. पगाराची दरी लग्नानं पडलेली नाही आणि लग्नानं बुजणार नाही. ठेकेदारीविरुद्ध लढाई तीच आहे आणि ती दोन पगारवाल्यांनी सोडलीय, कारण त्यांच्या घरात आता ठेक्यावरचं कुणीच नाही. माझ्या मेव्हण्याला कंत्राटी कामगाराचा मोर्चा हा ट्रॅफिक वाटतो. त्याचा सख्खा भाचा त्या मोर्च्यात असता तर वाटला नसता. लग्नाचा संबंध इथं येतो. सोयरिक तुटली की लढाईतली माणसं तुटतात.

गेल्या महिन्यात मेळाव्याच्या कमिटीपुढं मी ठराव मांडला. फॉर्मवरून 'मासिक उत्पन्न' हा रकाना काढून टाकावा, आणि पुढचा मेळावा एकोणसाठ जातींना, आदिवासी, भटक्यांना खुला करावा. अध्यक्ष हसले. म्हणाले, सर, मग येणार कोण? खजिनदार म्हणाला, हॉलचं भाडंसुद्धा निघायचं नाही. एक जण म्हणाला, तुमचं पोरगं तर पुण्यात आहे, तुम्ही लावा आधी त्याचं मांगवाड्यात. मी म्हणालो, त्यानं आणली तर लावतो. म्हणाले, त्यानं आणली तर, होय ना? तुम्ही नाही शोधणार. बरोबर बोलला तो.

मग मागच्या बाकावरच्या बाया बोलल्या. त्या नेहमी चहा झाल्यावर बोलतात. एक म्हणाली, उत्पन्नाचा रकाना काढा नाहीतर ठेवा, आमच्यापुरतं पोरगं खोटंच लिहितं. पण एक नवा रकाना टाका. दारू पितं का, आणि घरात आईला हात लावतं का. शेजाऱ्याच्या सहीनिशी.

दोन तास वाद झाला. सगळ्या जाती खुल्या करायचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला. दारूचा रकाना मंजूर झाला, शेजाऱ्याच्या सहीशिवाय. उत्पन्नाचा रकाना तसाच आहे. येत्या रविवारी नवे फॉर्म छापून येतायत, आणि पुतणीनं कळवलंय की ती टेबलावर माझ्याशेजारी बसणार आहे, फॉर्म भरायला नाही, वाटायला.